शेवट सांगितलेलं पुस्तक

दुपारचं जेवण झालं की मी कॉटवर आडवी होते आणि शेजारच्या शेडमधल्या यंत्रमागांचा आवाज ऐकत राहते. आमच्या इचलकरंजीत हा आवाज तसा कुणालाच ऐकू येत नाही. तो बंद पडला तरच माणसं दचकतात. मला झोप लागते ती या आवाजातूनच. आधी सगळे माग वेगवेगळे ऐकू येतात, मग त्यांचा मिळून एकच होतो, मग तो एक माग हळूहळू लांब जातो, चौकाच्या पलीकडे, नदीकडे. आजही तसंच होतं. पाच वाजता मुलं यायची आहेत, तोवर दोन तास आहेत, एवढं मनात येतं, आणि माग नदीपाशी पोचतो.

तिथे तो थांबतो.

आवाज थांबला म्हणून मी डोळे उघडते. माझ्या कॉटच्या पायथ्याशी शाळेतला एक बाक आहे आणि बाकावर इलाहीभाई मोमीन बसले आहेत. बाक पहिलीच्या मुलांचा आहे, म्हणून त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले आहेत.

"काय बाई," ते म्हणतात, "गुरुवारी दिसत नाही तुम्ही."

इलाहीभाईंना जाऊन सात महिने झाले. हे मला झोपेतही ठाऊक आहे, आणि तरी मला आधी आठवतं ते हे, की घरात चहापूड संपली आहे. मी तसं सांगते. ते हात हलवून म्हणतात, राहू दे.

इलाहीभाई जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करणाऱ्याला आमच्याकडे जॉबर म्हणतात. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून आलेला हा माणूस संध्याकाळी वाचनालयात बसायचा, आणि शेजारी कुणी कुजबुजलं तर म्हणायचा, जरा मोठ्यानं बोला, शांततेत मला वाचता येत नाही. आमचं गुरुवारचं वाचक मंडळ त्यांनी आणि मी मिळून सुरू केलं. सहा-सात माणसं, वाचनालयाच्या माडीवर. पंधरवड्यात काय वाचलं ते प्रत्येकानं सांगायचं आणि बोलणं संपताना पुस्तक कुणाला द्यायचं ते नाव घेऊन सांगायचं. "सगळ्यांनी वाचावं असं आहे" ही पळवाट चालायची नाही. हे पुस्तक कुणासाठी, ते सांगा. आणि दुसरा नियम असा, की शेवट सांगायचा नाही. कुणी शेवटाकडे सरकायला लागलं की इलाहीभाई बोटाच्या पेरानं बाकावर टकटक करायचे. आमचे पाटणे वकील दर वेळी "मी फार थोडक्यात सांगतो" असं म्हणून सुरू करत आणि पाऊण तासानं टकटकीनंच थांबत.

"पाटणे वकील कसे आहेत?" इलाहीभाई विचारतात.

मी म्हणते, बरे आहेत, थोडक्यात सांगतात.

ते हसतात. पुढचा एक दात त्यांना नव्हता, तो आता आहे. मी तिकडे बघत राहते तेव्हा माझ्या लक्षात येतं, की आम्ही वाचनालयाच्या माडीवर आहोत. कॉट मात्र माझीच आहे आणि मी अजून तिच्यावर पाय पसरून बसले आहे, यानं मला संकोचल्यासारखं होतं. बाकीचे बाक रिकामे आहेत. प्रत्येक बाकावर एकेक पुस्तक मिटून ठेवलेलं आहे, मुलं मधल्या सुट्टीत दप्तरं ठेवून गेल्यासारखं.

ते मला विचारतात, सध्या काय वाचलं. मी सांगायला लागते. नऊ पुस्तकं सांगते. एक चहाच्या मळ्यातल्या बायकांवरचं, एक मीठ बनवणाऱ्यांचं, एक अशा माणसाचं जो आयुष्यभर फक्त पूल बांधतो आणि कधी पलीकडे जात नाही. ते मान हलवत ऐकतात. मधेच डोळे बारीक करतात. चांगलं काही कानावर आलं की ते असंच करायचे.

"त्या पुलाच्या माणसाचं काय होतं?" ते विचारतात.

"शेवट सांगायचा नसतो," मी म्हणते.

"तुम्हाला माहीत आहे का शेवट?"

खरं असं, की या सात महिन्यांत मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. शेवटचं प्रकरण आलं की मी मिटते. गंमत म्हणजे मंडळात गेले असते तरी हे कुणाला कळलं नसतं, आमच्या नियमानं मला चांगलं झाकून घेतलं असतं. पण गेलेच नाही.

ते का, हे तुम्हाला सांगायला हवं.

इलाहीभाईंना मिरजेला इस्पितळात ठेवलं होतं. एका डोंगरी पोस्टमनची कादंबरी होती, वाचनालयात तिची एकच प्रत, ती माझ्याकडे. ते महिनाभर तिची वाट बघत होते. मी ती घेऊन मिरजेला गेले. खोलीबाहेर त्यांचा मुलगा मुबारक भेटला. म्हणाला, डॉक्टरांनी दोन आठवडे सांगितलेत, अब्बांना आम्ही सांगितलेलं नाही, ईदला घरी नेणार म्हटलंय. मी आत गेले. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वजन बघितलं, डोळ्यांना चष्मा लावला, आणि पहिलं पान वाचायला त्यांना किती वेळ लागतोय ते मी बघितलं. माझ्या मनात आलं, साडेतीनशे पानं आहेत, हे पोचणार नाहीत. आणि मग मी जे केलं ते केवळ मायेपोटी केलं. मी त्यांना गोष्ट सांगायला लागले. मुलांना सांगते तशी, रंगवून. पोस्टमनकडे शेवटचं एक पत्र उरतं, ज्याचं आहे त्याचं गाव धरणात गेलेलं असतं, तो पाण्याच्या काठाशी बसतो, आयुष्यात कधी दुसऱ्याचं पत्र न फोडलेला माणूस ते फोडतो आणि पाण्याला वाचून दाखवतो. सगळं सांगितलं.

त्यांनी टकटक केली नाही. हात चादरीवर होता आणि तो हलला नाही. ते फक्त माझ्याकडे बघत होते.

परतीच्या एसटीत जयसिंगपूर आलं तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले. मुबारकनं, त्याच्या आईनं म्हणजे हलिमाभाभींनी, डॉक्टरांनी जे इतके दिवस लपवलं ते मी अर्ध्या तासात सांगून टाकलं होतं. त्या माणसाला शेवट सांगण्याचा अर्थ एकच होत होता, की तुम्ही तिथवर पोचणार नाही, आणि तो अर्थ ओळखणारा त्या इस्पितळात तोच एक होता. त्यानंतर अकरा दिवसांनी ते गेले. मी पुन्हा भेटायला गेले नाही. माझी हिंमत झाली नाही.

आता ते समोर बसले आहेत. विचारायचं तर हीच वेळ आहे, आणि मी विचारते भलतंच. तुमच्या तिकडे वाचायला काही मिळतं का?

"मिळतं की. मंडळ पण आहे," ते म्हणतात. "पण एक बाई आहेत, त्या प्रत्येक पुस्तकाला 'बरं आहे' म्हणतात. करमत नाही."

ते उठतात आणि मी त्यांच्या मागोमाग जिना उतरते. जिना खाली मागांच्या शेडमध्ये जातो. सगळे माग थांबलेले आहेत. उजेड आहे, पण खिडक्या नाहीत. मागांवर कापड ताणलेलं आहे आणि कापडभर छापल्यासारख्या ओळी विणलेल्या आहेत. मी जवळ जाऊन वाचू बघते, तर अक्षरं उलटी आहेत. आपण मागच्या बाजूला उभे आहोत, असं ते समजावतात, पुढच्या बाजूनं बरोबर दिसतं. चालता चालता ते एकेका मागाला सवयीनं हात लावतात, म्हातारी माणसं बैलाच्या पाठीला लावतात तसा. मला सांगतात, हा तीनदा बिघडला होता, हा कधीच नाही, हा उगाच नाटकं करायचा.

मग विचारतात, मुलांचं काय चाललंय.

मुलं दर शनिवारी माझ्या घराच्या पुढच्या सोप्यात येतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हा माझा वर्ग. दहा-बारा मुलं सतरंजीवर बसतात आणि मी मोठ्यानं वाचते. सध्याच्या पुस्तकात एका मुलीची शेळी बाजारात हरवते आणि ती मुलगी या गावच्या बाजारातून त्या गावच्या बाजारात तिला शोधत जाते. एक प्रकरण राहिलं आहे. तीन आठवडे ते राहिलेलंच आहे. पहिल्या शनिवारी मी घसा बसल्याचं सांगितलं. दुसऱ्या शनिवारी कोडी घातली. तिसऱ्या शनिवारी चित्रं काढायला लावली, तेव्हा मुलांनी मुकाट्यानं शेळ्या काढल्या, सगळ्यांनी.

त्या दिवशी सना फाटकापर्यंत जाऊन परत आली. सना इलाहीभाईंची नात, मुलीची मुलगी, दहा वर्षांची. ती मला म्हणाली, "बाई, शेवट वाईट असला तरी चालेल. पण तुम्ही वाचत नाही म्हणून आता सगळ्यांना तो वाईटच वाटायला लागलाय." मग चपलेशी खेळत म्हणाली, "नानांच्या वेळी पण सगळे मला नंतर सांगतो म्हणत होते." आणि गेली. जाताना तिनं मागं वळून हात केला नाही. एरवी करते.

म्हणून आज दुपारी मी पुस्तक घेऊन आडवी झाले, की निदान आपण आधी वाचून ठेवू. उघडलं नाही. हातात धरून झोपले.

हे मी इलाहीभाईंना सगळं सांगते. ते ऐकत ऐकत एका मागापाशी खाली बसतात, आणि तो माग नसून लोखंडी खाट आहे, पांढरी चादर घातलेली. शेडमध्ये ओळीनं खाटा आहेत. प्रत्येक खाटेच्या दांडीला वाचनालयाच्या पुस्तकावर असतो तसा नंबराचा कागद चिकटवलेला आहे. मी स्टुलावर बसते. स्टूल एका बाजूला कलतं, मिरजेला कलत होतं तसंच. त्यांचा हात चादरीवर आहे.

मी त्या हाताकडे बघत विचारते, "त्या दिवशी तुम्ही मला थांबवलं का नाही?"

"थांबवून काय करायचं होतं? तुम्ही बोलायला लागला तेव्हाच मला समजलं."

"म्हणजे मीच सांगितलं."

"तुम्हीच," ते म्हणतात. शांतपणे, मागाचा बिघाड सांगावा तसं.

मला वाटलं होतं, ते म्हणतील की मला आधीच माहीत होतं. सात महिने मी मनातल्या मनात त्यांच्या तोंडी हेच वाक्य घालत होते. ते वाक्य येत नाही. मी पदर तोंडाशी धरते. ते मला रडू देतात. वर्गात एखादं मूल रडायला लागलं की मीही हेच करते, लगेच गप्प करत नाही.

थोड्या वेळानं ते सांगतात, की राग आला होता. दोन दिवस आला होता. बाईंनी निदान पुस्तक तरी माझं मला वाचू द्यायचं, असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुबारकला बोलावून घेतलं आणि म्हणाले, ईदची वाट नको बघू, मला आजच घरी ने. मुबारक रडला. घरी सोप्यात खाट टाकली, पलीकडे माग चालू. तिथे ते वाचायला बसले.

"वाचलंत?" मी म्हणते. "शेवट माहीत असताना?"

"त्याशिवाय कसं वाचणार? इस्पितळात वाचवत नव्हतं. शांतता होती."

स्टुलाचे पाय ओले झाल्यासारखे वाटतात. मी खाली बघते तर फरशी नाही, मऊ चिखल आहे, आणि समोर पाणी. धरणाचं पाणी, लांबवर, दुपारचं, एकही लाट नसलेलं. खाटा कुठे गेल्या ते मी विचारत नाही. पाण्यातून एका देवळाचं टोक वर आलं आहे आणि त्यावर एक पक्षी बसला आहे. ही जागा मी पाहिलेली नाही, वाचलेली आहे.

इलाहीभाई काठाशी जातात, वाकतात आणि पायातल्या चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवतात.

"हे तुम्ही सांगितलंच नाही," ते म्हणतात.

"काय?"

"पत्र फोडायच्या आधी तो पोस्टमन पायातले जोडे काढतो. पाण्यात त्या माणसाचं घर आहे ना. घरात जाताना काढतो तसे काढतो. अर्धी ओळ आहे. तुमच्या गोष्टीत ती नव्हती."

मी आठवून बघते. मला आठवत नाही. मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं आणि माझ्या नजरेतून ते निसटलं होतं.

"मला वाटलं होतं, तुम्ही सगळं सांगून टाकलंत," ते म्हणतात. "पोचलो तिथं, तेव्हा कळलं की बाईंनी नुसतं काय होतं एवढंच सांगितलंय. मग मी हलिमाला हाक मारली. तिला कधी वाचून दाखवलं नव्हतं आयुष्यात. ते पान दाखवलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, त्याला मोजे नव्हते काय."

आम्ही दोघं हसतो. पक्षी उडत नाही. बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी मला माफ केलं, असंही ते कुठे म्हणाले नाहीत. त्यांनी मला एवढंच सांगितलं, की मी काय केलं आणि त्यानंतर त्यांनी काय केलं.

मग ते माझ्या हातातलं शेळीचं पुस्तक मागून घेतात. मलपृष्ठावरच्या मुलीकडे बघतात, मागून पानं उलटतात आणि थांबतात. शेवटची दोन पानं वरच्या बाजूनं एकमेकांना जोडलेली आहेत. छापखान्यात कापायची राहून गेली आहेत, आतलं काही दिसत नाही.

"बाई," ते म्हणतात, "तुम्ही इथपर्यंत कधी आलाच नाहीत."

मी मान खाली घालते, वर्गात गृहपाठ न केलेल्या मुलासारखी. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पोलादी पट्टी काढलेली आहे, जॉबरच्या खिशात असते तसली, सहा इंची. ती जोडलेल्या घडीत घालून ते सावकाश ओढतात. घाई नाही. कागद फाटण्याचा बारीक, सलग आवाज होतो. कागदाचा पांढरा भुगा उडून माझ्या हातावर पडतो. पान सुटतं. मी वाकून बघते, पण अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलतात.

"मला नका वाचून दाखवू," ते म्हणतात. "कुणाला हे पुस्तक?"

नाव घेऊन सांगायचं असतं. मी सांगते, "सनाला."

"सनाला देणार म्हणता, आणि शेवट काढून ठेवून देणार?"

"मला भीती वाटते, इलाहीभाई. वाईट असला तर?"

"तर ती रडेल. तुम्ही आहात की शेजारी बसलेल्या." ते पुस्तक मिटून माझ्या हातात देतात. "मी होतो तेव्हा तुम्ही बसला नाहीत एवढंच. आता बसा."

ते खूप मऊ आवाजात हे म्हणतात, आणि तेच मला सगळ्यात लागतं. मला त्यांना सांगायचं आहे, की मी यायला हवं होतं, त्या अकरा दिवसांत एकदा तरी यायला हवं होतं, त्या सोप्यात, मागांच्या आवाजात. मी तोंड उघडते. लांब कुठेतरी, पाण्याच्या पलीकडे, एक माग सुरू होतो. ते मान वळवून तिकडे कान देतात, ओळखीचा आवाज ऐकल्यासारखे. मग दुसरा सुरू होतो. मी बोलते, पण मला माझाच आवाज ऐकू येत नाही. ते मान हलवतात. त्यांना मात्र ऐकू आलं असावं, आवाजातच त्यांना ऐकू यायचं.

मग सगळे माग सुरू होतात, आणि मी कॉटवर आहे.

पावणेपाच वाजले आहेत. गाल ओले आहेत, उशीही. मघाशी वीज गेली होती वाटतं, पंखा नुकताच फिरायला लागतोय. पुस्तक माझ्या पोटावर आहे. फाटकाची कडी वाजते आणि मुलांचं कुजबुजणं ऐकू येतं, आज वाचणार का, आज नाही वाचणार. एक आवाज सनाचा आहे. ती काही म्हणत नाहीये, फक्त दुसऱ्यांना गप्प राहायला सांगते आहे.

मी उठून बसते आणि पुस्तक मागून उघडते. शेवटची दोन पानं सुटी आहेत. बाकी सगळ्या पानांची वरची कड गुळगुळीत आहे, यंत्रावर कापलेली. या दोन पानांची कड लोकरीसारखी आहे, खरबरीत, नुकतीच फाडल्यासारखी. माझ्या आजूबाजूला कॉटवर कात्री नाही, सुरी नाही, पट्टी नाही.

मी आतलं वाचत नाही. ते मुलांबरोबरच वाचायचं. सनाला शेजारी घेऊन बसायचं, आणि जोडे काढण्यासारखं काही आलं तर तिथे थांबायचं.

दार उघडायला मी कडीला हात घालते, तेव्हा मला दिसतं, की माझ्या मनगटावर, जांभळ्या पदरावर, कागदाचा बारीक पांढरा भुगा पडलेला आहे.